दाताचे जंतू, हृदयाची झडप आणि डॉ. ऑस्लर

दाढ काढण्यापूर्वी किंवा रूट कॅनाल सुरू करण्यापूर्वी दंतवैद्य काही ठरलेले प्रश्न विचारतात. मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का आणि हृदयाच्या झडपेचे काही दुखणे किंवा ऑपरेशन झाले आहे का. हा शेवटचा प्रश्न अनेकांना बुचकळ्यात टाकतो. दाढेचा आणि हृदयाचा काय संबंध? तो संबंध वैद्यकाला टप्प्याटप्प्याने कळत गेला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यावर एक मोठे नाव आहे, डॉ. विल्यम ऑस्लर यांचे.

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातील बाँड हेड या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि इंग्लंडमधील कॉर्नवॉलहून कॅनडात येऊन स्थायिक झाले होते. घरात मुलांचा मोठा गोतावळा होता. विल्यमही वडिलांच्या वाटेने जाणार असे सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि त्याच हेतूने ते १८६७ मध्ये टोरांटोच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. पण शाळेत असताना जॉन्सन नावाच्या एका धर्मोपदेशक शिक्षकांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लावली होती. पुढे बोव्हेल नावाच्या डॉक्टरांचा सहवास लाभला. वर्षभरातच ऑस्लर यांनी धर्मशास्त्र सोडले आणि वैद्यकाला प्रवेश घेतला. १८७२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

त्यानंतरची दोन वर्षे लंडन, बर्लिन आणि व्हिएन्ना येथे शिकण्यात गेली. लंडनच्या प्रयोगशाळेत रक्ताचे थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना तांबड्या आणि पांढऱ्या पेशींशिवाय आणखी काही बारीक कण दिसले. आज डेंग्यूच्या दिवसांत ज्यांची संख्या घरोघरी विचारली जाते, त्या प्लेटलेट्स याच. त्या पाहणारे ऑस्लर एकटेच नव्हते, पण त्यांचे १८७४ मधील वर्णन सुरुवातीच्या काटेकोर वर्णनांपैकी एक मानले जाते. हेच कण पुढे त्यांच्या आयुष्यातील एका महत्त्वाच्या अभ्यासाशी जोडले जाणार होते.

१८७४ मध्ये ते मॅकगिलला शिकवायला परतले तेव्हा वय होते पंचवीस. शिकवण्यासाठी सूक्ष्मदर्शक हवे होते आणि पैसे नव्हते. मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलमधील देवीच्या रुग्णांचा वॉर्ड सांभाळायला फारसे कुणी तयार नसे. ऑस्लर यांनी ते काम घेतले आणि मिळालेल्या पैशांतून विद्यार्थ्यांसाठी सूक्ष्मदर्शक विकत आणले. या वॉर्डात त्यांना स्वतःलाही देवी आल्या, सुदैवाने सौम्य. त्याच रुग्णालयात त्यांनी शेकडो शवविच्छेदने केली. रुग्ण जिवंत असताना आपण काय निदान केले होते आणि मृत्यूनंतर शरीरात प्रत्यक्ष काय सापडले, हे ते ताडून पाहत आणि लिहून ठेवत. आपले निदान चुकले असेल तर तेही नोंदवहीत येई.

या शवविच्छेदनांत त्यांना एक चित्र पुन्हा पुन्हा दिसले. आठवडेच्या आठवडे ताप येऊन, खंगून गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाच्या झडपांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे खडबडीत कोंब वाढलेले असत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कोंबांत जंतूंचे पुंजके दिसत. कोंबाचा तुकडा सुटून रक्ताबरोबर मेंदूत गेला तर अर्धांगवायू, मूत्रपिंडात गेला तर लघवीतून रक्त. हा आजार म्हणजे हृदयाच्या आतील अस्तराला होणारा जंतुसंसर्ग, एन्डोकार्डायटिस.

१८८४ मध्ये ऑस्लर अमेरिकेत फिलाडेल्फियाला प्राध्यापक म्हणून गेले. तिकडे जावे की मॉन्ट्रियललाच राहावे याचा निर्णय होईना, तेव्हा त्यांनी नाणे उडवून कौल लावला असे सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने त्यांना मानाच्या गुलस्टोनियन व्याख्यानांसाठी बोलावले. विषय त्यांनी हाच निवडला. आपल्या आणि इतरांच्या नोंदी एकत्र करून त्यांनी दाखवले की हा आजार अनेक रूपे घेतो. कधी तो विषमज्वरासारखा वाटतो, कधी थंडी वाजून येणाऱ्या हिवतापासारखा, त्यामुळे जिवंतपणी त्याचे निदान सहसा होत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. यातील बहुतेक रुग्णांच्या झडपा आधीच बिघडलेल्या होत्या.

झडपा आधी का बिघडत? त्या काळी याचे मोठे कारण होते ऱ्हुमॅटिक ताप. लहान वयात घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो. काही आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण त्या काळात हृदयाच्या झडपांना झालेली इजा राहून जाते. झडप जाड होते, आखडते, गळू लागते. अशा खडबडीत जागी रक्ताचा प्रवाह अडखळतो आणि प्लेटलेट्स व रक्तातील तंतू यांचा एक पातळ थर साचतो. रक्तातून वाहत आलेल्या जंतूंना चिकटायला ही आयती जागा मिळते. ऑस्लर यांनी तरुणपणी पाहिलेले बारीक कण या आजारात असे मोक्याच्या जागी सापडतात.

१८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि ऑस्लर तेथे वैद्यक विभागाचे प्रमुख झाले. इथे त्यांनी वैद्यकीय शिक्षणाची घडी बदलली. तोवर विद्यार्थी व्याख्याने ऐकून डॉक्टर होत. ऑस्लर त्यांना वॉर्डात घेऊन गेले, प्रत्येकाच्या वाट्याला रुग्ण दिले, त्यांची विचारपूस, तपासणी आणि नोंद करायला लावले. पदवीनंतर रुग्णालयातच राहून शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांची पद्धतही तिथेच रुजली. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांतील निवासी डॉक्टर आज ज्या व्यवस्थेत राबतात, तिची मुळे या रुग्णालयापर्यंत जातात.

बाल्टिमोरमध्ये तापाच्या रुग्णांना सरसकट एक मोघम नाव दिले जाई, टायफॉइड आणि मलेरिया यांचे मिश्रण. औषधही सरसकट एकच, क्विनीन. हिवतापाचे परजीवी रक्तात दिसतात हा फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांचा शोध तेव्हा नवा होता. ऑस्लर यांनी सुरुवातीला त्याबद्दल शंका घेतली. मग स्वतः रुग्णांचे रक्त तपासत गेले आणि लाव्हरां बरोबर आहेत हे मोकळेपणाने मान्य केले. त्यानंतर तापाच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त पाहण्याचा त्यांनी आग्रह धरला. ज्यांच्या रक्तात परजीवी नाहीत आणि ज्यांचा ताप क्विनीनने उतरत नाही, त्यांपैकी बहुतेकांना टायफॉइड आहे हे त्यातून स्पष्ट झाले.

१८९२ मध्ये त्यांचे वैद्यकावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ग्रेस रिव्हियर यांच्याशी विवाह झाला. पुस्तकाने त्यांना जगभर नेले. त्यात आजारांची वर्णने रेखीव होती, पण उपचारांच्या बाबतीत लेखक हात आखडता घेत होते. त्या काळची बहुतेक औषधे निरुपयोगी किंवा अपायकारक आहेत हे त्यांनी लपवले नाही. उद्योगपती रॉकफेलर यांचे सल्लागार फ्रेडरिक गेट्स यांनी १८९७ मध्ये हे पुस्तक वाचले. इतक्या आजारांवर डॉक्टरांकडे उपायच नाही हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यातून १९०१ मध्ये न्यूयॉर्कला वैद्यकीय संशोधनाची रॉकफेलर संस्था उभी राहिली. औषधांवर कमी विश्वास ठेवणाऱ्या माणसाच्या पुस्तकामुळे नवी औषधे शोधण्याचा मार्ग रुंदावला.

१९०५ मध्ये ऑस्लर ऑक्सफर्डला गेले. जाताना केलेल्या निरोपाच्या भाषणात चाळिशीनंतर माणसाच्या हातून फारसे नवे काम होत नाही, अशा अर्थाचे विधान करून आणि साठी ओलांडलेल्यांबद्दल एक थट्टा करून त्यांनी वृत्तपत्रांचा मोठा रोष ओढवून घेतला. स्वतः मात्र त्यांनी साठाव्या वर्षी, १९०९ मध्ये, एन्डोकार्डायटिसवर पुन्हा एक महत्त्वाचा लेख लिहिला. या आजाराचा महिनोन्महिने रेंगाळणारा प्रकार त्यांनी मांडला. हाता-पायाच्या बोटांच्या टोकाशी अचानक उठणाऱ्या, दुखऱ्या, तांबूस आणि थोड्या दिवसांत नाहीशा होणाऱ्या गाठींकडे त्यांनी लक्ष वेधले. वैद्यकाचे विद्यार्थी आजही त्यांना ‘ऑस्लर नोड्स’ म्हणतात. त्याच वर्षी लंडनचे डॉ. थॉमस हॉर्डर यांनी १५० रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की या आजारातील बरेचसे स्ट्रेप्टोकोकस जंतू माणसाच्या तोंडात आणि आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारेच असतात. दात आणि झडप यांच्यातील दुवा दिसू लागला होता.

निदान होऊ लागले, पण उपाय नव्हता. प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव माहलर यांच्या झडपेचा दोष १९०७ मध्ये लक्षात आला होता. १९११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये ते तापाने आजारी पडले. डॉ. लिबमन यांच्या सहकाऱ्याने त्यांचे रक्त घेऊन जंतू वाढवून पाहिले आणि त्यात स्ट्रेप्टोकोकस सापडला. निदान अचूक होते. १८ मे १९११ रोजी व्हिएन्नात पन्नासाव्या वर्षी माहलर यांचा मृत्यू झाला. त्या काळी या आजारातून रुग्ण क्वचितच वाचत.

ऑस्लर यांची अखेरची वर्षे दुःखात गेली. पहिला मुलगा जन्मानंतर आठवडाभरातच गेला होता. दुसरा, रिव्हियर, ऑगस्ट १९१७ मध्ये बेल्जियममधील युद्धभूमीवर जखमी होऊन गेला. वडिलांचे मित्र असलेले शल्यविशारद हार्वे कुशिंग त्या वेळी त्याच्याजवळ होते. पुढे त्यांनीच ऑस्लर यांचे चरित्र लिहिले. २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑक्सफर्डमध्ये न्यूमोनिया आणि छातीत झालेला पू यामुळे ऑस्लर यांचे सत्तराव्या वर्षी निधन झाले. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून नऊ वर्षे होती. त्यांचा ग्रंथसंग्रह मॅकगिल विद्यापीठाकडे गेला आणि त्यांच्या अस्थीही त्याच ग्रंथालयात आहेत.

दात आणि हृदय यांची गोष्ट त्यांच्यानंतर दोन टोकांना गेली. १९१० मध्ये लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी मॅकगिलमध्येच एक व्याख्यान देऊन तोंडातील सडका संसर्ग अनेक आजारांचे मूळ असल्याचे ठासून सांगितले. त्यात तथ्यांश होता. पण पुढची दोन-तीन दशके त्या विचाराचा अतिरेक झाला आणि सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशावरही उपाय म्हणून चांगले दात उपटले गेले. १९३५ मध्ये लंडनच्या ओकेल आणि इलियट यांनी मोजमापाचा पुरावा दिला. दात काढल्यानंतर लगेच घेतलेल्या रक्तात निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये स्ट्रेप्टोकोकस सापडला आणि हिरड्या खराब असलेल्यांमध्ये त्याचे प्रमाण जास्त होते. निरोगी हृदयाच्या माणसात हे जंतू काही मिनिटांत नष्ट होतात. खराब झडप असेल तर एखादा जंतू तिथे घर करू शकतो.

१९४० च्या दशकात पेनिसिलिन आले आणि हा आजार बरा होऊ लागला. १९५५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने झडपेचा दोष असलेल्यांना दाताच्या उपचारांपूर्वी पेनिसिलिन देण्याची शिफारस केली. पुढे पन्नास वर्षे ही यादी लांबत, आखडत राहिली. पण औषध दिल्याने नक्की किती जणांचा आजार टळतो याचा थेट पुरावा कुणाकडेच नव्हता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९० जणांच्या एका अमेरिकी अभ्यासात दात काढलेल्यांपैकी ६० टक्के लोकांच्या रक्तात जंतू सापडले. आधी अमॉक्सिसिलिन घेतलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. आणि फक्त ब्रश केलेल्यांत २३ टक्के. दात आयुष्यात दोन-चारदा काढला जातो, ब्रश रोज केला जातो. म्हणजे एका गोळीपेक्षा रोजच्या रोज निरोगी राहिलेल्या हिरड्या जास्त उपयोगी ठरण्याची शक्यता मोठी.

याच विचाराने अमेरिकेने २००७ मध्ये यादी अगदी लहान केली. कृत्रिम झडप असलेले, पूर्वी एन्डोकार्डायटिस होऊन गेलेले, काही गंभीर जन्मजात हृदयदोष असलेले आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेले रुग्ण, एवढेच त्यात उरले. ब्रिटनने २००८ मध्ये आणखी पुढे जाऊन प्रतिबंधक प्रतिजैविके जवळपास बंदच केली. काही वर्षांनी तिथे या आजाराचे रुग्ण अपेक्षेपेक्षा वाढल्याचे दिसले. त्याचे कारण औषध थांबवणे हेच होते, असे सिद्ध झाले नाही. तरी २०१६ मध्ये ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत एक शब्द घातला गेला, आणि सरसकट नको एवढाच त्यांचा अर्थ राहिला. अपवादाचा निर्णय डॉक्टर व रुग्णावर आला.

भारतातल्या दवाखान्यात यातले काय घ्यायचे? अमेरिकेच्या यादीतून ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली, पण न बदललेली झडप वगळली गेली आहे. हा आजार तिथे आता दुर्मीळ आहे. आपल्याकडे तो संपलेला नाही. शहरातील दाट वस्तीत आणि गावांत आजही तरुण मुली पहिल्या बाळंतपणात धाप लागली म्हणून येतात आणि तेव्हा झडप अरुंद झाल्याचे कळते. न्यूझीलंडमध्ये माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील समाजांत हा आजार टिकून आहे, म्हणून त्या देशाने ऱ्हुमॅटिक झडपेचे रुग्ण आपल्या यादीत ठेवले. ऑस्ट्रेलियानेही आदिवासी समाजातील अशा रुग्णांचा वेगळा विचार केला. युरोपच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे रुग्ण मध्यम जोखमीचे मानून निर्णय व्यक्तीगणिक घ्यावा असे म्हटले आहे. शास्त्र एकच असूनही यादी देशागणिक बदलते, कारण वॉर्डात येणारे रुग्ण वेगळे असतात.

आपल्याकडे नियम उतरवताना दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. दाढ दुखली की औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाची पट्टी आणून दोन दिवस खायची, ही सवय घरोघरी आहे. दाताच्या आतील शिरेला सूज आल्याने होणाऱ्या दुखण्यावर या गोळ्या उपयोगी पडत नाहीत. तिथे दाताचा उपचारच करावा लागतो. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. गुडघा किंवा खुबा बदललेल्या रुग्णांना दाताच्या उपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याची गरज सर्वसाधारणपणे नसते. अँजिओप्लास्टीत स्टेंट बसवलेल्यांना किंवा बायपास झालेल्यांनाही नसते. अनावश्यक घेतलेली प्रत्येक मात्रा तोंडातील आणि पोटातील जंतूंना त्या औषधाशी लढायला शिकवते. मग खरोखर झडपेवर जंतू बसतील तेव्हा औषध कमी पडते.

ज्यांना गरज आहे, त्यांच्यासाठी नियम सोपा आहे. प्रौढांना अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकदाच, उपचारापूर्वी अर्धा ते एक तास. मुलांना वजनानुसार, दर किलोला ५० मिलिग्रॅम. दात काढणे, हिरड्यांखालची सफाई, मुळाच्या टोकापर्यंत जाणारा उपचार यांसाठी ते लागते. एक्स-रे काढायला, निरोगी हिरडीत भूल द्यायला किंवा दुधाचा दात आपोआप पडताना लागत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरे औषध निवडावे लागते. त्यासाठी पूर्वी सर्रास दिले जाणारे क्लिंडामायसिन अमेरिकेने २०२१ पासून या यादीतून काढले, कारण त्याने होणारा त्रास अधिक गंभीर असू शकतो. ऱ्हुमॅटिक आजारासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनी एक गोष्ट दंतवैद्यांना आवर्जून सांगावी. त्या इंजेक्शनने दाताच्या उपचाराच्या वेळचे संरक्षण मिळत नाही आणि त्यांच्या तोंडातील जंतू पेनिसिलिनला सरावलेले असू शकतात, म्हणून त्यांना वेगळ्या गटातील औषध लागते.

यातली कुठलीही गोळी स्वतःहून घेऊ नये. झडपेचा आजार किंवा ऑपरेशन झालेल्यांनी हृदयाच्या सोनोग्राफीचा शेवटचा अहवाल आणि झडपेचे कार्ड दंतवैद्यांकडे जाताना बरोबर न्यावे. दंतवैद्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना एक फोन करावा. झडप बदलण्याचे ऑपरेशन ठरले असेल तर त्याआधीच किडलेले दात दुरुस्त करून घ्यावेत. आणि दाताच्या उपचारानंतरच्या आठवड्यांत कारण न सापडणारा ताप रेंगाळू लागला, तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्तातील जंतूंची तपासणी, म्हणजे ब्लड कल्चर, करायला सांगावे. एकदा गोळ्या पोटात गेल्या की जंतू सापडणे अवघड होते आणि निदान लांबते. १८८५ मध्ये ऑस्लर यांनी दाखवलेली अडचण, टायफॉइड किंवा मलेरिया समजून या तापावर आठवडेच्या आठवडे उपचार होत राहणे, आपल्याकडे अजूनही घडते आणि ती टाळता येण्यासारखी आहे.